साहेबांना पाणी द्या

काडीची आई दिवसा पाणी पीत नसे.

पथ्य नव्हतं, हट्टही नव्हता. उलट डॉक्टरांनी बजावलं होतं की थोडं थोडं, पण दिवसभर प्या, एक किडनी गेलीच आहे, निदान दुसरीला तरी जगू द्या. काडी सकाळी कॉलेजला निघताना बाटली भरून आईच्या शिवणकामाजवळ ठेवायची. परत येऊन बघावं तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. आई ओठ ओले करायची, तेवढंच.

"प्यायले की गं," म्हणायची.

"बाटली खोटं बोलते होय?"

"उगाच बाटलीशी भांडू नकोस. हा धागा ओवून दे."

ही सवय तिला कपड्यांच्या कारखान्यात लागली होती. टायरच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर लांबलचक हॉल. खिडक्यांच्या काचा रंगवून टाकलेल्या, म्हणजे बायांचं लक्ष बाहेर जायला नको. मशीनच्या रांगा, हवेत कापसाची कुसळं, आणि टोकाला एका चौथऱ्यावर सुपरवायझरचं टेबल. त्या टेबलामागे भिंतीत खिळा. खिळ्याला नाडीने लटकवलेला पत्र्याचा बिल्ला, बशीएवढा. अख्ख्या हॉलला एकच.

बाईला बाहेर जायचं झालं तर टेबलासमोर जाऊन हात वर करून उभं राहायचं. सुपरवायझरने मान वर केली तर बिल्ला मिळायचा. तो गळ्यात घालून जायचं, म्हणजे कोण चाललंय आणि कशाला चाललंय ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. आणि बाई निघाली की हा माणूस मनगटावरच्या घड्याळाकडे बघत जिभेने सुरू करायचा, टिक, टिक, टिक. हॉलभर ऐकू जाईल असं. म्हणून बायांनी त्याचं नाव टिकटिक ठेवलं होतं. पण मुख्य म्हणजे तो मान वरच करायचा नाही. हात वर करून बाई उभी, आणि हा कागदात डोकं घालून बसलेला. शेवटी बाई हात खाली घेऊन मशीनवर परत यायची. दोनचारदा असं झालं की ती शहाणी व्हायची आणि पाणी पिणं सोडायची.

हा स्वतः मात्र दिवसभर चहा ढोसायचा. टेबलावर थर्मास, शेजारी दुसरा थर्मास. आणि घटकेघटकेला मालकाच्या केबिनमागे स्वतःसाठी बांधून घेतलेल्या बाथरूमकडे पळायचा. बाया खाली मान घालून हसायच्या. "साहेबाचा नळ गळका आहे," आई घरी येऊन सांगायची. काडी तेव्हा शाळेत होती. तिला तो विनोद फार आवडायचा. ती तो जपून ठेवून होती.

आईला मशीनवर थंडी वाजून ताप भरला, ती आडवी पडली आणि दवाखान्यातून परत आली तेव्हा तिच्या जागेवर दुसरी बाई बसली होती. "तुझं कामात मन नाही," टिकटिकने सांगितलं. तेव्हापासून ती घरी बसून हातशिलाई करायची. काडीला एवढंच ठाऊक होतं. उरलेलं काजवालीने सांगितलं.

काजवाली म्हणजे शेजारची मावशी. कारखान्यात काजं पाडायच्या मशीनवर बसायची. तिच्या पोटात गोष्ट टिकत नसे. एक दिवस सामाईक नळावर दोघी कपडे धूत होत्या आणि काडी कुरकुरली, "आई पाणीच पीत नाही गं मावशी. काय करू?"

"कशी पिईल?" मावशी म्हणाली. "तो दिवस विसरेल का ती?"

"कुठला दिवस?"

मावशीने जीभ चावली. पण काडीने हातातला पिळा खाली ठेवला होता, आणि काडीने हातातली वस्तू खाली ठेवली की समोरच्याची सुटका नसायची. अंगाने वाळकी म्हणून तिला गल्लीत काडी म्हणत. नंतर कळलं की ती पेटतेही.

"तू आईला सांगू नकोस," मावशीने आधीच हात जोडले. "सकाळपासून हात वर करत होती. तीनदा गेली, हा बघेना. चौथ्यांदा उठलीच नाही. आणि मग... बसल्या जागी झालं गं. मशीनवर. खाली ओघळ आला. आम्हाला वाटलं, आता तरी सोडेल घरी. त्याने टेबलाखालून कातरणीच्या चिंध्या उचलल्या, तिच्या अंगावर फेकल्या आणि म्हणाला, पूस, आणि बस. कपडे तसेच ओले. सुट्टी होईपर्यंत तशीच बसून होती. आणि एक टाका वाकडा गेला नाही तिचा."

काडीने पिळा उचलला आणि असा पिळला की शिवण उसवली.

कॉलेजात त्या वर्षी एका वकीलबाईंनी मोहीम काढली होती. वकीलबाई भल्या बाई. केस पिकलेले, आवाज मऊ, शत्रूलाही "अहो" म्हणायच्या. कारखान्यातल्या बायकांना माणसासारखं वागवा, एवढी साधी मागणी. पोरंपोरी पत्रकं वाटायची, भिंतींवर चिकटवायची, घोषणा द्यायची. काही मनापासून आलेली, काही फोटोपुरती. बाकीचे न्याय मागायला आले होते. काडी सूड घ्यायला आली होती. हातात पत्रकं तीच असल्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही.

वकीलबाईंनी धडपड करून जाहीर सुनावणी ठरवली. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरचं सभागृह, रविवारची दुपार. कारखान्याचे कपडे विकत घेणारी जी बडी कंपनी होती, तिच्या खरेदीवाल्या बाई स्वतः यायच्या होत्या. दोन्ही बाजू ऐकणार आणि मग ऑर्डरचं काय ते ठरवणार. मालक यायचा होता, पण मालक कधी येतो? त्याने टिकटिकला पाठवायचं ठरवलं. केबिनमध्ये त्याला दिलेला दम काजवालीने कान देऊन ऐकला होता. "मधे उठून आलास तर ऑर्डर गेली समज. आणि ऑर्डर गेली तर तू गेलास. शेवटपर्यंत हसत बसायचं."

हे ऐकलं त्या दिवशी काडी घरी येऊन जेवण झाल्यावर एकटीच हसत बसली. आईने विचारलं, "काय गं, काय झालं?"

"जुना विनोद आठवला. साहेबाच्या नळाचा."

आई हसली नाही.

सुनावणीच्या तयारीची कामं वाटायला सगळे बसले. ज्याला त्याला माईक हवा होता. कुणाला सूत्रसंचालन, कुणाला प्रास्ताविक, कुणाला आभार. काडी म्हणाली, "मी चहापाणी बघते."

वकीलबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "तू? अगं, तुला मी बोलायला ठेवलं होतं."

"मला पाहुणचार बरा जमतो, बाई."

"तुला?" शेजारचा एक चष्मिष पोरगा हसत फुटलाच. "मी तुझ्या घरी पुस्तक द्यायला आलो तर बस म्हणाली नाहीस."

"तू पाहुणा नव्हतास. तू उधारीचं पुस्तक होतास."

सगळे हसले, आणि चहापाणी काडीकडे गेलं. जाता जाता तिने वकीलबाईंना एक गोष्ट सुचवली. "कारखान्याच्या माणसाला आधी बोलू द्या ना. पाहुणा आहे. आपण मोठ्या मनाने वागलो असं दिसेल." वकीलबाईंना ते फार पटलं. मोठं मन म्हटलं की त्या विरघळायच्या.

शनिवारी संध्याकाळी सुटताना काजवालीने खिळ्यावरचा बिल्ला जेवणाच्या डब्यात घातला आणि घरी आणला. "सोमवारी नवा करेल मेला," ती म्हणाली, "पण तू म्हणालीस म्हणून आणला. करणार काय याचं?"

"किल्लीला काहीतरी अडकवायला हवं होतं. हरवते नाहीतर."

सभागृहाच्या मजल्यावरच्या बाथरूमला सुट्टीच्या दिवशी कुलूप असायचं. शिपायाने एक किल्ली काढून दिली आणि हजारदा बजावलं. काडीने ती बिल्ल्याच्या नाडीला बांधली, पक्की गाठ मारून.

रविवारी सभागृह गच्च भरलं. एका बाजूला कारखान्याच्या बाया, आपापसात चिकटून, मांडीवर हात ठेवून. दुसरीकडे कॉलेजची पोरं. पहिल्या रांगेत खरेदीवाल्या बाई, मांडीवर पर्स, चेहऱ्यावर काहीच नाही. आई मागच्या रांगेत कोपऱ्यात बसली होती. तिने काडीला अट घातली होती, "येईन, पण मी बोलणार नाही. माझं नावसुद्धा काढायचं नाही. शपथ घे." काडीने घेतली होती. आईच्या नावाशिवायही काम भागणार होतं.

टिकटिक आला तो खुशीत. फिकट रंगाची पँट, कडक इस्त्री, मनगटावर घड्याळ. मंचावर खुर्ची दिली, समोर छोटं टेबल, टेबलावर ग्लास आणि जग. पंखा त्याच्या डोक्यावर नव्हता. तेवढं काडीने खुर्च्या मांडतानाच पाहिलं होतं.

"साहेब, पाणी घ्या," ती म्हणाली. त्याने घेतलं. चहा आणला, तोही घेतला. तिच्याकडे बघितलंही नाही. पाणी आणून देणाऱ्या पोरीकडे कोण बघतं?

मग तो माईकवर उभा राहिला. "भगिनींनो," त्याने सुरुवात केली. मागे काजवाली मोठ्याने खोकली. आजवर "ए" शिवाय हाक नव्हती, आज एकदम भगिनी.

"आमच्यावर आरोप आहे की आम्ही बायकांना बाथरूमला जाऊ देत नाही. कुठलासा बिल्ला आहे म्हणे. कसला बिल्ला? मी तर आयुष्यात बिल्ला पाहिलेला नाही. आमच्याकडे सगळं मोकळं आहे. पण खरं सांगू का? सारखं उठायचं हा कामचुकारपणा असतो. मी स्वतः सकाळी बसतो तो संध्याकाळी उठतो. मनावर असतं सगळं. सवय लावली की माणूस दिवसभर बसू शकतो. त्यात काय एवढं?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायांमध्ये कुजबुज उठली. खरेदीवाल्या बाईंनी मान डोलावली, तीही अशी की त्यातून काही कळू नये. टिकटिक घाम पुसत खाली बसला आणि समोरचा ग्लास रिकामा केला. काडीने तो भरला.

मग बाया एकेक करून बोलायला उठल्या. एकीने रंगवलेल्या खिडक्यांचं सांगितलं. एकीने सांगितलं की पोटुशी असताना तिने काय सोसलं. माणसावर आरोप आला की त्याला हाताचं काय करावं ते सुचत नाही. टिकटिकचा हात प्रत्येक आरोपाला ग्लासाकडे जायचा. तो ठेवायचा आणि काडी भरायची. "घ्या साहेब, गरम होतंय ना." गोड आवाज, खाली मान. तिच्या सात पिढ्यांत कुणी इतकं अदबीनं पाणी वाढलं नसेल.

तिसरी बाई बोलत असताना त्याने पायावर पाय टाकला. चौथीच्या वेळी पाय बदलला. मग दोन्ही पाय जवळ घेऊन पुढे वाकून बसला, जणू फार लक्ष देऊन ऐकतोय. कपाळावर वेगळाच घाम आला. काडी ग्लास भरायला वाकली तेव्हा तो ओठ न हलवता म्हणाला, "बाथरूम कुठंय?"

"जिन्याशेजारी, साहेब. सुट्टीमुळे कुलूप आहे. पण किल्ली आहे ना माझ्याकडे."

तिने पिशवीत हात घालून किल्ली बाहेर काढली. नाडीला बशीएवढा बिल्ला लोंबत होता.

त्याने तो ओळखला. ओळखणारच. रोज त्याच्याच डोक्यामागे लटकायचा. त्याच्या तोंडचं पाणी पळालं. बाकीचं होतं तिथेच राहिलं.

"हा... हा कुठून..."

"कसला बिल्ला, साहेब?" काडी हळूच म्हणाली. "ही तर नुसती किल्ली आहे. घ्या ना. गळ्यात घातलात तरी चालेल."

त्याने समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या बाईंपर्यंत जाऊन त्याची नजर परत आली. अडवलं कुणीच नव्हतं. दार उघडं होतं, जिना मोकळा होता. पण बिल्ला हातात घेतला की आत्ताच ठोकलेलं खोटं उघडं पडणार, आणि घेतल्याशिवाय उठून गेला तर मालक त्याला दारात उभं करणार नाही. मधली वाटच नव्हती. बायांना तरी कुठे होती?

"राहू दे," तो म्हणाला.

"बरं. पाणी?"

हे सगळं कुणाला कळलं नाही असं काडीला वाटत होतं. पण वकीलबाईंनी कोर्टात हयात घालवली होती. त्या उठल्या, काडीचं कोपर धरून तिला मंचाच्या कडेला नेलं. आवाज मऊच होता, पण बोटं नव्हती.

"काय चाललंय तुझं?"

"पाहुणचार."

"मला शिकवू नकोस. किल्ली दे त्या माणसाला."

"देत होते. त्यांनीच नको म्हटलं. विचारा."

"अगं, आपण त्याच्यासारखं वागायला लागलो तर आपल्यात आणि त्याच्यात फरक काय राहिला?"

"पुष्कळ राहिला, बाई. त्याने वर्षानुवर्षं केलं. मी एक दुपार करतेय."

"हे आपल्या मोहिमेत बसत नाही."

"मग मोहिमेला जरा सरकायला सांगा."

वकीलबाईंनी हात पुढे केला. "किल्ली."

काडीने मूठ घट्ट केली. आणि त्याच वेळी मागच्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

आई उठली होती. सगळं सभागृह बोलणाऱ्या बाईकडे बघत होतं, आई एकटी मंचावरच्या माणसाकडे बघत होती. पाय जवळ घेऊन, पुढे वाकून, श्वास वरच्यावर घेत बसणं तिला ओळखायला शिकवावं लागणार नव्हतं. ती रांगेतून वाट काढत पुढे आली. पायऱ्या चढली.  आईचं मन काडीला माहीत होतं. घरात शिरलेल्या उंदरालाही ती दार उघडून द्यायची. आता ती म्हणणार, जाऊ दे गं, माणूस आहे. आणि सगळ्या केल्यासवरल्यावर बोळा फिरणार.

"दे इकडे," आई म्हणाली.

"आई, नको."

"काडे, दे म्हणते ना."

काडीने दिली. आईपुढे तिची पेटायची हिंमत नव्हती. वकीलबाईंनी सुटकेचा श्वास सोडला.

आईने बिल्ला तळहातावर घेतला. पाठीमागच्या बाजूला, जिथे नाडी घासून घासून पत्रा चकचकीत झाला होता, तिथे अंगठा फिरवला. मग नाडी गळ्यात घातली. किल्ली तिच्या छातीवर बिल्ल्यावर आपटून वाजली. आणि टिकटिकच्या खुर्चीसमोरून पुढे जाऊन ती माईकसमोर उभी राहिली.

"मला बोलायचंय," ती म्हणाली.

बोलत होती ती बाई आपणहून बाजूला झाली. वकीलबाईंचं तोंड उघडं राहिलं. साक्ष द्यायला उभ्या राहिलेल्या बाईला त्या खाली बसवणार कशा?

"काडे, पाणी दे."

काडीला आधी कळलंच नाही. मग तिने धावत जाऊन ग्लास भरला. आईने तो दोन्ही हातांत धरला आणि प्यायली. ओठ ओले करण्यापुरती नाही. घोट घोट, मान मागे टाकून, गळ्याची हालचाल सगळ्यांना दिसेल अशी, तळ दिसेपर्यंत. भर दुपारी. टिकटिकने मान फिरवली. त्याला ते बघवेना.

"अजून दे," आई म्हणाली. तोही संपवला. तोंड पुसलं. 

"मी पहिल्या दिवसापासून सांगते. कुणाला घाई नाही ना?"

"नाही!" बाया म्हणाल्या. एका आवाजात.

"साहेब, तुम्हाला?"

त्याने मान हलवली. हो की नाही, ते कळलं नाही.

आणि आई सांगू लागली. अशी सांगू लागली की जणू जन्मात पहिल्यांदाच तिला कुणी विचारलं होतं. पहिल्या दिवशी कुठली मशीन मिळाली, तिचा पट्टा कसा निसटायचा. कॉलर आधी शिकली की बाही. कुणी शिकवलं, ती बाई पुढे कुठे गेली. कारखान्यात ती अबोल म्हणून प्रसिद्ध होती. आज तिला मशीनच्या तेलाचा वाससुद्धा आठवत होता. काजवाली खुर्चीच्या कडेवर बसून प्रत्येक वाक्याला "हो ना, हो ना," करत होती, म्हणजे आणखी थोडं लांबावं.

अखेर टिकटिकने हात वर केला.

कुणाला दाखवण्यासाठी नव्हता तो. नकळत गेला वर. पण गेला. आणि कुणी सांगितलं नव्हतं, ठरलं नव्हतं, तरी बायांच्या सगळ्या माना एकदम खाली गेल्या. कुणी नखं बघू लागली, कुणी मांडीवरची घडी सारखी करू लागली. हात वर, आणि बघायला कुणी नाही. काडी त्याच्या अगदी शेजारी उभी होती. तिने जग उचलला आणि त्यात किती पाणी आहे ते निरखून पाहिलं.

खरेदीवाल्या बाईंना राहवलं नाही. "अहो, त्यांना बहुतेक बाहेर जायचंय. जाऊ का देत नाही?"

आई थांबली. तिने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ पाहिलं.

"आम्हीही हेच विचारत होतो, बाई," ती म्हणाली. "तुम्ही आज विचारलंत."

मग टिकटिककडे वळली. "साहेब, हे बघा. माझ्या गळ्यात आहे. याचं नाव घेऊन मागा, लगेच देते. मी काही मान खाली घालून बसणार नाही."

त्याने खाली पाहिलं, वर पाहिलं.  मग सगळं सोडून तो ओरडला, "बिल्ला द्या! द्या तो बिल्ला!"

माईक जवळच होता. भिंतींवर आदळून ते परत आलं. खरेदीवाल्या बाईंच्या मांडीवरची पर्स खाली पडली. वकीलबाईंनी हातातला सगळा युक्तिवाद मिटून खाली ठेवला, कारण आता त्याची गरज नव्हती.

आईने नाडी गळ्यातून काढली. सावकाश. केसात अडकली ती सोडवली. त्याने हिसकावायला हात पुढे केला तशी ती म्हणाली, "गळ्यात. नियम तुमचाच आहे."

त्याने गळ्यात घातला आणि निघाला. पायऱ्या उतरला. मधल्या वाटेने आखडत, गुडघ्याला गुडघा लावत चालला. आणि बायांमधून कुठूनतरी आवाज आला, टिक. काजवालीच. शेजारणीने धरला. टिक. टिक. मग सगळ्या. जिभा टाळूला लावून, चेहऱ्यावरची रेष न हलवता, सगळा हॉल टिकटिकायला लागला.

तो निम्म्या वाटेत थांबला. पुढे गेला नाही, मागेही नाही. फिकट पँटचा रंग बदलला आणि बुटांजवळ फरशी ओली झाली.

टिकटिक बंद पडली. कुणी हसलं नाही. आई मंचावरून उतरली. तिच्या खांद्याला हातशिलाईची पिशवी होती, ती कुठेही सोबत असायची. तिने पिशवीतून कातरणीच्या चिंध्यांची मूठ काढली आणि त्याच्या पायाशी टाकली.

"पुसा," ती म्हणाली, "आणि बसा. माझं अजून सांगून झालेलं नाही."

पण बसण्याइतका माणूस त्याच्यात उरला नव्हता. त्याने बिल्ला गळ्यातून ओढून फेकला आणि जिना धरला. ऑर्डर गेली की राहिली, मालकाने उद्या दुसरा टिकटिक आणला की नाही, हे त्या दुपारी कुणाला माहीत नव्हतं. मालक नेहमीसारखाच घरी बसला होता. काडीने त्याचं नाव मनात पुढे लिहून ठेवलं.

सूड घेतल्यावर आतून पोकळ वाटतं असं म्हणतात. ज्यांना तो कधी घ्यावा लागला नाही ते म्हणतात. काडीला पोटभर जेवल्यासारखं वाटत होतं.

आईने बिल्ला उचलला, किल्लीची गाठ दातांनी सोडवली. किल्ली स्वतःकडे ठेवली आणि बिल्ला नेऊन खरेदीवाल्या बाईंच्या हातात दिला.

"हे काय?" त्या म्हणाल्या.

"ठेवा. तुमच्या प्रत्येक शर्टाबरोबर येतो हा. आजवर दिसला नव्हता तुम्हाला."

बाईंना तो कुठे धरावा ते कळेना. नाडीला धरला, मग कडेला धरला, मग तसाच मांडीवर घेऊन बसल्या.

आई दारातून बाहेर पडली. काडी मागोमाग. जिन्याशेजारच्या बाथरूमचं कुलूप तिने उघडलं आणि आत गेली. काडी भिंतीला टेकून उभी राहिली. आत सभागृहात वकीलबाईंचा मऊ आवाज पुन्हा सुरू झाला होता, खरेदीवाल्या बाईंना काहीतरी विचारत होता, आणि आज उत्तरं येत होती.

आई बराच वेळ बाहेर आली नाही.

"आई? बरं आहे ना?"

"बरं आहे." मग थोड्या वेळाने, "काय गं, बाहेर रांग आहे का?"

"नाही. कुणी नाही."

"असली तरी थांबू दे," आई आतून म्हणाली.